गृहोद्योगाच्या मालाची खरी जाहिरात व गिऱ्हाइकाची विचारपूस

अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) जिल्ह्याच्या पाथर्डी तालुक्यात, नगरहून पाथर्डीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर तिसगाव हे बाजाराचे गाव आहे. भोवतालचा मुलूख अवर्षणाचा. बाजरी, तूर, कपाशी व रब्बीची ज्वारी ही येथील मुख्य पिके. ती पावसाच्या मर्जीवर येतात व पावसाच्या मर्जीने जातात. दिवाळीच्या सुमारास ह्या तालुक्यातील पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी घरे बंद करून बाहेर पडतात. अशा भागात पापड, शेवया, कुरडया, बाजरीच्या खारोड्या, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, लोणचे, तूप, गावरान अंडी, भाजीपाल्याची रोपे यांसारखे घरबसल्या होणारे जोडधंदे ही हौसेची गोष्ट नाही. घरातील मुलाची फी, औषधपाणी, कधी तर बियाण्याचे पैसेही ह्यातूनच उभे राहतात.

हे धंदे सुरू पुष्कळ होतात, पण टिकतात थोडे. माल वाईट असतो म्हणून ते बुडतात असे नेहमीच नसते. बचतगटाच्या प्रशिक्षणात माल करावयाचे शिकविले जाते. तो कोणत्या शब्दांत विकावा आणि विकून झाल्यावर काय करावे, हे मात्र क्वचितच शिकविले जाते. प्रस्तुत लेखात ह्याच दोन गोष्टींचा विचार केला आहे. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी तो गटाच्या बैठकीत वाचून दाखवावा व आपापल्या गावच्या मालास लावून पाहावा.

पुड्यातला माल व जनावराचे दात

तिसगावापासून जवळच मढी येथे कानिफनाथांची यात्रा भरते. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत तेथे लोकांची रीघ असते. यात्रेतील गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. तेथे घेणारा माणूस विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबत नाही. तो जनावराचे तोंड उघडून दात पाहतो, पाय उचलून खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. मगच व्यवहार होतो.

त्याच यात्रेत रेवडीचा पुडा घेणाऱ्या माणसास असे काही करता येत नाही. पुडा बांधलेला असतो. फोडून पाहावा तर तो घ्यावा लागतो. पापड तळल्यावाचून कळत नाही, लोणचे मुरल्यावाचून कळत नाही, रोप फळाला आल्यावाचून कळत नाही. म्हणजे ह्या सर्व मालांत गिऱ्हाईक पैसे आधी देते आणि परीक्षा मागाहून करते. मधल्या काळात त्याच्या हाती विकणाऱ्याच्या शब्दाखेरीज काहीही नसते. जाहिरात म्हणजे हा शब्द, मग तो फलकावर लिहिलेला असो, पुड्यावर छापलेला असो, की बाजारात ओरडून सांगितलेला असो.

शेतकऱ्यास ही गोष्ट दुसऱ्या बाजूने चांगली ठाऊक आहे. बियाण्याची पिशवी घेताना तोही असाच आंधळा व्यवहार करीत असतो. म्हणूनच १९६६ च्या बियाणे कायद्याने पिशवीवर खूणचिठ्ठी लावणे भाग पाडले. ज्वारीच्या बियाण्याची उगवणशक्ती किमान ७५ टक्के असली पाहिजे असे प्रमाण ठरलेले आहे, आणि प्रमाणित नसलेल्या बियाण्यास बाजारात ‘सत्यप्रत’ असे नाव आहे. पिशवीवर लिहिले आहे ते पिशवीत आहे, एवढाच त्या नावाचा अर्थ. उगवण कमी झाली तर शेतकरी तक्रार घेऊन पंचायत समितीपर्यंत जातो, आणि ते रास्तच आहे. त्याच शेतकऱ्याच्या घरातून जो पापडाचा पुडा बाहेर पडतो त्यावरही सत्यप्रत खूणचिठ्ठी असावयास हवी, एवढीच ह्या लेखाची मागणी आहे.

गिरगावातील चार पुडे

ह्या बाबतीत महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण मुंबईचे आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन इमारतीच्या गच्चीवर पापड लाटण्यास आरंभ केला. पहिल्या दिवशी चार पुडे झाले व ते भुलेश्वरच्या ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे विक्रीस ठेवले गेले. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती. पुढे हीच संस्था ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ ह्या नावाने देशभर पसरली. १९६६ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. आरंभीच्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट ह्यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

ह्या संस्थेच्या भरभराटीची हकीकत अनेकदा सांगितली जाते. गृहोद्योग करणाराने तिच्या पहिल्या दोन वर्षांतील दोन अडचणींकडे अधिक लक्ष द्यावे.

पहिली अशी की, प्रारंभी दोन प्रतींचे पापड करून हलक्या प्रतीचे स्वस्तात विकावे असा विचार पुढे आला होता. छगनलाल करमसी पारेख, ज्यांना छगनबापा म्हणत, त्यांनी ह्या भगिनींना सल्ला दिला की एकच उत्तम प्रत करावी व तिच्यात कधीही तडजोड करू नये. हा सल्ला केवळ नीतीचा नव्हता. एकाच घरातून दोन प्रतींचा माल निघू लागला की ज्याने हलका माल खाल्ला तो ‘त्यांचे पापड हलके’ असेच सांगत फिरतो. चांगल्या प्रतीचा पुडा त्याने पाहिलेलाच नसतो. दोन किमती ठेवावयाच्याच असतील तर त्या वजनाच्या फरकाने ठेवाव्यात. प्रतीच्या फरकाने ठेवू नयेत.

दुसरी अडचण पावसाची. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून ह्या बायकांना सुमारे चार महिने काम बंद ठेवावे लागले. अर्धवट वाळलेले पापड पुड्यात घालून विकणे त्यांना अशक्य नव्हते. चार महिन्यांचे उत्पन्न कोणास नको असते? पुढल्या वर्षी त्यांनी खाट व स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरून खाली स्टोव्ह ठेवला आणि पावसाळ्यातही काम चालू राहिले. माल पुरा वाळत नाही तोवर विक्री थांबविणे व वाळविण्याची सोय होताच ती पुन्हा सुरू करणे, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. तिसगावच्या परिसरात पाऊस कमी असला तरी श्रावण-भाद्रपदात हवा दमट असते, आणि बुरशीची पहिली तक्रार बहुधा ह्याच दिवसांतील मालाची येते.

जाहिरातीतील शब्द

पूर्वी गावात दवंडी पिटली जाई. दवंडी पिटणारा माणूस सर्वांच्या ओळखीचा असे आणि तो ज्याच्या वतीने ओरडे त्याचेही नाव घेई. त्यामुळे दवंडीत खोटे सांगणे अवघड होते. आजची जाहिरात भ्रमणध्वनीवरून जाते, वाहनावरील ध्वनिक्षेपकावरून जाते, रस्त्याकडेच्या फलकावरून जाते. तिचा आवाज मोठा झाला, पण बोलणारा दिसेनासा झाला. त्यामुळे शब्दांचा संयम सुटू लागला आहे. नगर-पाथर्डी रस्त्याने जाताना फलक वाचीत गेले, तर प्रत्येक माल ‘एक नंबर’, ‘अस्सल’, ‘शुद्ध’ व ‘पारंपरिक’ असल्याचे कळते. सर्वच जण एक नंबर असतील तर त्या शब्दाला काही अर्थ उरत नाही. वाचणारा तो ओलांडून थेट किमतीकडे पाहतो, आणि गृहोद्योगाचा माल तेवढ्या एका गोष्टीत कारखान्याच्या मालापुढे हरतो.

काही शब्दांकडे विशेष लक्ष दिले पाहिजे.

‘गावरान अंडी’. अंड्याचे कवच तपकिरी असले म्हणजे ते गावरान, अशी समजूत शहरी गिऱ्हाइकात रूढ आहे. वनराज, गिरिराज यांसारख्या परसबागेसाठी सुधारलेल्या जातींची अंडीही तपकिरी असतात. त्या कोंबड्या पाळण्यात कमीपणा काहीच नाही. उलट त्या अंडी अधिक देतात. पण त्यांची अंडी गावरान म्हणून विकणे ही फसवणूकच होय. ‘परसात मोकळ्या सोडलेल्या सुधारित जातीच्या कोंबड्यांची अंडी, तीन दिवसांच्या आतील’ असे लिहिले तर ते खरे होते आणि गिऱ्हाइकास ज्या ताजेपणाची अपेक्षा असते तोही सांगून होतो.

‘गाईचे तूप’. गाईच्या दुधातील कॅरोटीनमुळे तुपास पिवळसर छटा येते. म्हशीचे तूप पांढरे असते. घरी एक गाय व दोन म्हशी असतील व दूध एकत्र विरजले जात असेल, तर ‘गाई-म्हशीचे तूप’ असेच लिहावे. रंग घालून पिवळेपणा आणण्याचा मोह होतो, तेथे धंद्याचा प्रश्न संपून कायद्याचा सुरू होतो.

‘रसायनविरहित गूळ’. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून रस उकळताना हायड्रोस पावडर वापरतात. ती न वापरलेला गूळ बहुधा काळसर-तांबूस असतो. गुऱ्हाळवाल्याने खरोखरच ती वापरलेली नसेल, तर आपल्या गुळाचा रंग हलका का नाही हे जाहिरातीतच सांगून टाकावे. न सांगितल्यास गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातील पिवळ्या ढेपेशी तुलना करते आणि हाच गूळ हलका समजते. मधाचेही तसेच. थंडीत मध साखरेसारखा गोठणे हे नैसर्गिक आहे. पण आधी सांगितले नाही, तर ‘साखरेचा पाक घातला’ अशी तक्रार येते. वैगुण्यासारखी दिसणारी पण वैगुण्य नसलेली गोष्ट विक्रीपूर्वी सांगितली तर ती माहिती होते. तीच तक्रारीनंतर सांगितली की सबब वाटते.

‘सेंद्रिय’. शेणखत घातले म्हणून माल सेंद्रिय ठरत नाही. पुड्यावर हा शब्द छापून माल बाजारात पाठवावयाचा तर राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाखालील अथवा सहभाग हमी पद्धतीचे प्रमाणीकरण पाहिजे. ते नसेल तेथे केलेले काम तेवढेच लिहावे: ‘ह्या तुरीवर कीटकनाशकाची फवारणी केलेली नाही.’ अर्थात ते खरे असेल तरच.

‘मधुमेहावर गुणकारी’. ज्वारी, बाजरी, नाचणी, जांभूळ, शेवगा ह्यांच्या पदार्थांवर हे शब्द फार दिसू लागले आहेत. भरडधान्ये आहारात असणे हितकारक आहे, ह्यात शंका नाही. परंतु रोग बरा होतो असे सांगणे ही निराळी गोष्ट आहे. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने ज्या रोगांवरील उपायांच्या जाहिरातीस मनाई केली आहे त्यांत मधुमेहाचा समावेश आहे. कायदा बाजूस ठेवला तरी एक शक्यता विचारात घ्यावी. पुड्यावरील शब्दांवर भरवसा ठेवून एखाद्या वृद्धाने गोळ्या बंद केल्या, तर त्याचे काय होईल? ज्या घरातून तो पुडा गेला त्या घराला हा भार पेलणारा नाही.

‘वर्षभर टिकते’. ही बढाई सर्वांत महाग पडते. बाजरीच्या पिठाचे उदाहरण घ्यावे. बाजरीत स्निग्धांश ज्वारी-गव्हाहून अधिक असतो. दळल्यानंतर दाण्यातीलच द्रव्ये त्या स्निग्धांशाचे विघटन करू लागतात आणि थोड्याच दिवसांत पीठ कडवट होते. हे प्रत्येक गृहिणीस माहीत आहे. म्हणून ती बाजरी थोडी थोडी दळून आणते. मग पुड्यात भरलेले तेच पीठ तीन महिने टिकते असे का छापावे? ‘दळल्याची तारीख अमुक, पंधरा दिवसांत वापरावे, जरुरीपुरतेच घ्यावे’ असे लिहिणारा प्रथम मूर्ख वाटेल. पण पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाने कडू भाकरी एकदा खाल्लेली असते. ‘जरुरीपुरतेच घ्या’ असे सांगणारा विक्रेता त्याला पहिल्यांदाच भेटलेला असतो.

एक हस्तपत्रक

एका पापड करणाऱ्या घरासाठी हस्तपत्रकाचा मसुदा कसा असावा, हे उदाहरणादाखल पाहू. नेहमीच्या पद्धतीचे पत्रक असे असते: ‘अस्सल घरगुती चवीचे, शुद्ध, पौष्टिक, खमंग, वर्षभर टिकणारे, जिल्ह्यात एक नंबर उडीद पापड! एकवार खाल, नेहमी याल!’ ह्यातील एकही शब्द तपासून पाहता येत नाही. शिवाय ‘घरगुती’, ‘शुद्ध’, ‘नैसर्गिक’ अशा शब्दांच्या वापरावर अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनी मर्यादा घातल्या आहेत, हेही लक्षात असावे.

त्याऐवजी असे लिहून पाहावे: ‘उडदाचे पापड. घटक: उडीद डाळीचे पीठ, मीठ, पापडखार, मिरी, हिंग, तेल. दुसरे पीठ मिसळलेले नाही. आमच्या घरी, हाताने लाटलेले. पुड्यात माल ५०० ग्रॅम, पिशवीचे वजन सोडून. मिरी अधिक आहे. लहान मुलांसाठी कमी तिखट हवे असल्यास आठ दिवस आधी सांगावे. पुडा उघडल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. माल खराब निघाल्यास उरलेला परत आणावा, बदलून मिळेल.’

दुसरे पत्रक कंटाळवाणे वाटेल. पण त्यातील प्रत्येक वाक्य गिऱ्हाईक घरी जाऊन तपासू शकते, आणि तपासल्यावर ते खरे निघाले म्हणजे पुढल्या वाक्यावर त्याचा विश्वास बसतो. ‘मिरी अधिक आहे’ हे वाक्य कित्येकांना गैरसोयीचे वाटते. प्रत्यक्षात ज्याला तिखट चालत नाही असे गिऱ्हाईक त्यामुळे आधीच बाजूस होते व नाराज गिऱ्हाइकांची संख्या कमी होते.

वजनाबद्दल एक सूचना. पापड थोडे ओलसर असताना भरले तर पुडा तराजूवर ५०० ग्रॅम भरतो आणि महिन्याभराने कमी भरतो. कोणी लबाडी केलेली नसते, तरी गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ती झालेलीच असते. पुरता वाळल्यावरच माल तोलावा. तराजू वैधमापन खात्याकडून मुदतीत पडताळून घ्यावा. बांधलेल्या पुड्यावर मालाचे नाव, करणाराचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी दूरध्वनी क्रमांक असला पाहिजे. खाद्यपदार्थ विकणाऱ्या लहान उत्पादकासही प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. तो चौदा अंकी क्रमांकही पुड्यावर छापावा.

नवीन माल असेल तेव्हा

गिऱ्हाइकाने जो माल कधी पाहिलाच नाही तो शब्दांनी विकता येत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन बाधते अशी समजूत शेतकऱ्यांत होती. त्यामुळे पहिले नांगर सुमारे दोन वर्षे विकले गेले नाहीत. ती समजूत छापील पत्रकाने हटली नाही. शेतात नांगर चालवून दाखविल्यावर हटली. पुढे १९२० मध्ये ह्याच कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ हे नियतकालिक निघाले. कारखान्याची व मालाची माहिती देणारे हे लहानसे पत्र पुढे मराठीतील मोठे मासिक झाले. नांगर विकून झाल्यावरही गिऱ्हाइकाशी बोलत राहण्याचे महत्त्व किर्लोस्करवाडीस शंभर वर्षांपूर्वी कळले होते.

गृहोद्योगात शेत नांगरून दाखवावयाचे नसते. बाजाराच्या दिवशी शेगडी घेऊन बसावे, चार खारोड्या भाजून हातावर ठेवाव्यात. चवीसाठी दिलेला माल व पुड्यातील माल एकाच घाण्याचा असावा, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.

विक्रीनंतरची वही

आता विचारपुशीविषयी. ह्या भागाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, म्हणून थोडा हिशेब मांडू.

समजा, एका घरी महिन्याला ४० किलो पापड होतात. म्हणजे अर्ध्या किलोचे ८० पुडे, वर्षाचे ९६०. प्रत्येक पुड्यास नवे गिऱ्हाईक शोधावयाचे तर वर्षाला ९६० माणसे गाठली पाहिजेत. तिसगावच्या बाजारात बसून ते शक्य नाही. पण एखादे कुटुंब दोन महिन्यांस एक पुडा नेत असेल, तर तेवढाच माल १६० कुटुंबांत खपतो. १६० नावे एका शंभर पानी वहीत मावतात. नाव, गाव, दूरध्वनी, कोणत्या तारखेस कोणता माल नेला, कोणत्या घाण्याचा नेला, पैसे आले की राहिले, आणि शेवटी एक मोठी मोकळी जागा: गिऱ्हाइकाने काय सांगितले. एवढे रकाने पुरेत. छापील नोंदवही विकत घेण्याची गरज नाही.

‘घाणा’ हा रकाना पुष्कळांना अनावश्यक वाटतो, परंतु वहीचा कणा तोच होय. प्रत्येक दिवशी मळलेल्या पिठास एक क्रमांक द्यावा व तो पुड्यावर टाकावा. घाणा क्रमांक २३ चा एक पुडा कुबट निघाला असे कळले की त्याच घाण्याचे बाकीचे पुडे कोणाकडे गेले ते वहीवरून पाच मिनिटांत सापडते. ती गिऱ्हाइके तक्रार घेऊन येण्यापूर्वीच त्यांना कळवावे. असे केल्याने गिऱ्हाईक तुटेल अशी भीती वाटते. तुटते ते न कळवल्याने, आणि ते का तुटले हेही कधी कळत नाही.

विचारावे कसे, ह्यातही कसब आहे. ‘माल कसा होता?’ असे विचारले तर आपल्याकडे उत्तर ठरलेले असते: ‘चांगला होता, वहिनी.’ भिडेपोटी कोणी वाईट म्हणत नाही; फक्त पुन्हा येत नाही. म्हणून प्रश्न असा असावा की त्याचे उत्तर देताना भीड आड येऊ नये. ‘पुडा अजून शिल्लक आहे का?’ ‘तळताना तेल फार प्यायला का?’ ‘घरात कोणी खाल्ले नाहीत असे कोण?’ ‘काड्या किती निघाल्या?’ दोन महिन्यांनी पुडा शिल्लक असल्याचे कळले तर मालाविषयी जे कळावयाचे ते कळले. ‘आत्यांना चावत नाहीत’ असे उत्तर आले तर पातळ लाटलेल्या पापडाची नवी मागणी सापडली. ही उत्तरे गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहून ठेवावीत.

भ्रमणध्वनीवरून रोज सकाळी फुलांची चित्रे व मालाचे भाव पाठविणे म्हणजे विचारपूस नव्हे. ज्याने परवानगी दिली त्यालाच कळवावे, आणि कळविण्यासारखे असेल तेव्हाच: नवा माल निघाला, भाव बदलला, एखाद्या घाण्यात दोष आढळला. गिऱ्हाइकाचे नाव, छायाचित्र किंवा अभिप्राय जाहिरातीत वापरावयाचा तर त्याची संमती घ्यावी. स्वतःच्या नातेवाइकांकडून लिहवून घेतलेले अभिप्राय छापू नयेत. लहान गावात ते अर्ध्या दिवसात ओळखू येतात.

उधारी व विचारपूस ह्यांची गल्लत करू नये. गिऱ्हाइकास ज्या फोनवर ‘पापड आवडले का?’ असे विचारले त्याच फोनवर ‘मागचे दोनशे राहिले आहेत’ असे म्हटले, तर पुढच्या वेळी तो फोन उचलत नाही. वसुलीचा दिवस वेगळा ठेवावा आणि शक्यतो घरातील दुसऱ्या माणसाने ते काम करावे.

तक्रार आली तर

तक्रार घेऊन आलेल्या माणसास प्रथम पाणी द्यावे, माल बदलून द्यावा, आणि चौकशी मागाहून करावी. समजा पुडा १५० रुपयांचा आहे. तेच कुटुंब वर्षाला सहा पुडे म्हणजे ९०० रुपयांचा माल नेते. १५० रुपयांवरून वाद घालून ९०० रुपये घालविणे ह्याला काटकसर म्हणता येत नाही. बदलून देताना ‘तुम्हीच डबा उघडा ठेवला असेल’ असे बोलू नये. तसे असले तरी पुढील पुड्यावर ‘घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा’ हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापणे, हा त्यावरचा उपाय आहे. एखादा लबाड माणूस दोन-चारदा पुडा फुकट नेईल. त्याचे नाव वहीत असतेच.

परत आलेला माल टाकून देण्यापूर्वी तपासावा. बुरशी कडेला आहे की मध्ये, वास तेलाचा आहे की पिठाचा, घाणा कोणता, त्या दिवशी ऊन किती होते. असा वर्षाचा लेखा जमला की कोणत्या महिन्यात किती माल करावा ह्याचा निर्णय अनुभवाने घेता येतो.

तिसगावच्या परिसरापुरते

येथील गिऱ्हाइकांचे ढोबळ मानाने तीन वर्ग पडतात. पहिला आठवडे बाजाराचा; तो पुन्हा पुन्हा येतो व तोंडावर बोलतो. दुसरा ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांचा. त्यांना निघताना पुष्कळ दिवस टिकणारा कोरडा माल हवा असतो: चटणी, मसाला, खारोड्या. हा माल कोपीत, धुरात व दमट हवेत राहावयाचा असतो, तेव्हा त्यांना टिकण्याविषयी खरे सांगणे अधिकच अगत्याचे आहे. फडावर चटणी खराब झाली तर ते बदलून घ्यावयास येऊ शकत नाहीत. ते पाडव्याच्या आसपास परततात; त्यांची विचारपूस तेव्हा करावी, आणि विसरू नये म्हणून वहीत त्यांच्या नावापुढे तशी खूण ठेवावी.

तिसरा वर्ग यात्रेकरूंचा. मढीच्या यात्रेस व नवरात्रात मोहटादेवीस लांबलांबहून माणसे येतात. ‘हे पुन्हा थोडेच भेटणार आहेत’ अशा समजुतीने गतवर्षीचा माल त्यांच्या गळ्यात मारण्याचा मोह विक्रेत्यांना होतो. हा हिशेब चुकीचा आहे. यात्रेकरू दरसाल येतो, सोबत नवी माणसे आणतो, आणि कोणाच्या पालावर रेवडी खवट लागली हे सांगत येतो. अशा गिऱ्हाइकास पुड्यासोबत नाव-पत्त्याची चिठ्ठी द्यावी व घरी गेल्यावर माल कसा निघाला ते कळविण्यास सांगावे. शंभरांतून पाच जण कळवतील. त्या पाचांची नावे वहीत आली की टपालाने वा मालमोटारीने बाहेरगावी माल पाठविण्याचा मार्ग खुला होतो.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी पुढील बैठकीस प्रत्येक गटास आपला एक पुडा व एक पत्रक घेऊन यावयास सांगावे. पत्रकातील एकेक शब्द मोठ्याने वाचावा आणि ‘हे गिऱ्हाइकास घरी तपासता येईल काय?’ असे विचारावे. तपासता येत नाही तो शब्द खोडावा. मग पुडा सर्वांसमोर तोलावा. वही नसेल तर त्याच बैठकीत पहिले पान आखून द्यावे व गेल्या महिन्यात माल नेलेल्या दहा गिऱ्हाइकांची नावे आठवून लिहवून घ्यावीत. दहा नावे आठवत नाहीत असे पुष्कळ ठिकाणी आढळेल. तेथे आठवतील तेवढीच लिहावीत आणि त्याच आठवड्यात त्यांच्या घरी जाऊन पुडा शिल्लक आहे का ते विचारावे.